बेळगावात बसून दरमहा सुपरहिरो कॉमिक्सचा रतीब कसा लावावा

फक्त कॉमिक्स विकणारं दुकान मला बेळगावात आजवर सापडलेलं नाही. पुस्तकांच्या दुकानात कोपऱ्यात दोन-चार जाडजूड ग्राफिक नॉव्हेल्स असतात, लहान मुलांच्या चित्रकथा असतात. पण दर महिन्याला निघणारा सुटा अंक मागितला, की काउंटरवरचे काका म्हणतात, "मासिक पाहिजे काय ओ? मग पेपरवाल्याला विचारा की."

मी बेळगावातल्या शहापूरचा. अकरा वर्षं हा नाद करतोय. घरात दोन पेट्या भरल्या आहेत, तिसरी पावसाने नेली. पैसेही बरेच वाया गेले, त्यातले निम्मे केवळ कोणी सांगणारं नव्हतं म्हणून. आता निपाणी, खानापूर, चिकोडीकडची कॉलेजातली पोरं भेटली की विचारतात, "दादा, सुरुवात कुठनं करायची?" प्रत्येकाला तेच तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदा क्रमाने लिहून काढतो.

१. आधी महिन्याचं गणित समजून घ्या

अमेरिकन सुपरहिरो कॉमिक म्हणजे वीस-बावीस पानांची गोष्ट, बाकी जाहिराती आणि मधोमध दोन पिना. किंमत बहुतेक वेळा ३.९९ किंवा ४.९९ डॉलर, म्हणजे आजच्या दराने साडेतीनशे ते साडेचारशे रुपये. टपालखर्च वेगळा. नवे अंक तिकडे बुधवारी येतात. (सुपरमॅन-बॅटमॅन छापणाऱ्या डीसीने २०२० मध्ये मंगळवार धरला होता, २०२४ मध्ये ते पुन्हा बुधवारावर आले. आपल्याला काय, आपला बुधवार महिन्याभराने उगवतो.)

अंकावर छापलेल्या महिन्यावर विसंबू नका. सुपरमॅनचा पहिला अंक, 'ॲक्शन कॉमिक्स' क्रमांक १, याच्यावर जून १९३८ छापलंय, पण तो एप्रिलमध्येच स्टॉलवर आला होता. पुढचा महिना छापला की विक्रेता अंक जुना समजून लवकर काढत नसे, म्हणून ही चलाखी सुरू झाली. ती सवय अजून गेलेली नाही. त्यामुळे ऑक्टोबरचा अंक ऑगस्टमध्ये हातात आला तर छपाई चुकली असं समजू नका. माझी पहिली तक्रार नेमकी हीच होती आणि दुकानदार फोनवर पोट धरून हसला होता.

आता यातली खरी मेख. आपल्या पेपरवाल्याकडे मासिकं उरली तर ती परत जातात. अमेरिकेतल्या कॉमिक्सच्या दुकानदाराला मात्र बहुतेक माल परत करता येत नाही. म्हणून प्रकाशक दोन-तीन महिने आधी यादी जाहीर करतात, दुकानदार गिऱ्हाइकांना विचारून तेवढेच अंक मागवतो आणि छपाईही त्या अंदाजाने होते. आधी नाव नोंदवलं नाही आणि अंक गाजला, की तो छापील किमतीला मिळणं संपलं. तिकडे या नोंदणीला 'पुल लिस्ट' म्हणतात. आपल्या भाषेत हा सरळसरळ रतीब आहे. दूधवाल्याला जसं "रोज अर्धा लिटर, पुढच्या सोमवारी नको" सांगतो, तसंच.

२. एकच मालिका निवडा, आणि 'क्रमांक १' शोधत बसू नका

नवखा माणूस पहिला खड्ड्यात पडतो तो इथे. त्याला गोष्ट पहिल्या अंकापासून वाचायची असते. 'दि अमेझिंग स्पायडर-मॅन'च्या क्रमांक १ वर १९६३ साल छापलंय. पण मग १९९९, २०१४, २०१५, २०१८, २०२२ आणि २०२५ या सालांचेही याच नावाचे एकेक 'क्रमांक १' आहेत. नवा आकडा लावला की खप वाढतो, एवढंच त्याचं कारण. डीसीने तर ३१ ऑगस्ट २०११ पासून महिन्याभरात ५२ मालिका क्रमांक १ पासून सुरू केल्या होत्या.

म्हणून नुसता क्रमांक सांगून अंक मागवू नका. अंकाच्या आत, पहिल्या किंवा शेवटच्या पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात मालिकेचं अधिकृत नाव, खंड, क्रमांक आणि साल छापलेलं असतं. मागवताना 'मालिकेचं नाव, सुरू झाल्याचं साल, क्रमांक' हे तिन्ही सांगा. हे न केल्यामुळे माझ्याकडे एका मालिकेचे चार नंबरचे दोन अंक आहेत. दोन्ही वेगवेगळ्या खंडांतले, आणि दोन्हींतली गोष्ट अर्धवट.

मालिका निवडताना पात्रापेक्षा लेखक-चित्रकाराची जोडी बघा, हे माझं ठाम मत आहे. बॅटमॅन १९३९ पासून चालू आहे आणि तुम्हा-आम्हाला पुरून उरेल. पण एखादा लेखक त्याच्यावर दोन-चार वर्षं लिहितो, त्याला सुरुवात असते, मध्य असतो आणि शेवटही असतो. असा नवा लेखक जिथून हातात घेतो, तो अंक तुमचा पहिला. मागची ऐंशी वर्षं माहीत नसली तरी अडत नाही. कीर्तनाला उशिरा गेलं तरी आख्यान कळतंच.

मोहाचा दुसरा सापळा म्हणजे महा-घटना. वर्षातून एकदा तरी अशी कथा निघते, जिच्यात सगळे नायक एकत्र येतात आणि तिचे धागे वीस-तीस मालिकांमध्ये पसरतात. स्पायडर-मॅन छापणाऱ्या मार्व्हलच्या २००६-०७ मधल्या 'सिव्हिल वॉर'ची मूळ कथा फक्त सात अंकांची होती, तिच्याभोवतीच्या जोडअंकांची मात्र रीघ लागली होती. मूळ तेवढी घ्या. जोडअंक न वाचल्याने माझं काही बिघडलेलं नाही.

३. पैसे घालण्याआधी तीन महिने स्क्रीनवर वाचा

मार्व्हल अनलिमिटेड या ॲपवर हजारो जुने अंक आहेत आणि नवे अंक छापून आल्यावर साधारण तीन महिन्यांनी तिथे येतात. आपल्याकडे टपालानेच महिना जातो, तेव्हा तीन महिने म्हणजे काही फार नाही. याशिवाय पाच-सहा अंक एकत्र बांधून जे पुस्तक निघतं, त्याला ट्रेड पेपरबॅक म्हणतात. ते सुट्या अंकांपेक्षा स्वस्त पडतं, आत जाहिराती नसतात आणि बेळगावच्या पत्त्यावर विनासायास येतं.

एवढ्यावर तुमचं भागत असेल तर इथेच थांबा. खरंच सांगतो. त्यात काही कमीपणा नाही. सुटे अंक घेण्याचं कारण एकच, शेवटच्या पानावर लेखकाने अडकवून ठेवलेला महिना. तो महिना ज्याला आवडतो त्यानेच पुढचं वाचावं.

४. रतीब कुठे लावायचा

तीन वाटा आहेत, तिन्ही मी चालून पाहिल्या.

पहिली, मुंबई-बेंगळूरसारख्या शहरांतले आयात करणारे विक्रेते. ते तुमची नोंदणी घेतात, आगाऊ रक्कम घेतात, आणि महिन्याचे अंक एकत्र करून पाठवतात. नवख्यासाठी हीच वाट. आयातीची कटकट त्यांची, रुपयांत हिशेब, काही चुकलं तर मराठी-हिंदीत भांडता येतं. सुरुवातीलाच तीन गोष्टी विचारा: अंक पुठ्ठा घालून पाठवता का, कोणतं मुखपृष्ठ मिळेल, आणि अंक आलाच नाही तर आगाऊ रक्कम परत किती दिवसांत. तिसऱ्या प्रश्नावर जो "बघू की" म्हणतो, त्याच्याकडे रतीब लावू नका. माझे अडीच हजार अशाच एका 'बघू'मध्ये चौदा महिने अडकले होते.

मुखपृष्ठाचं का विचारायचं? एकाच अंकाची पाच-सात वेगवेगळी मुखपृष्ठं निघतात, आतला मजकूर शब्दशः तोच. काही तर दुकानदाराने साधे पंचवीस अंक घेतले तर एक, अशा हिशेबाने मिळतात, मग ते चढ्या भावाने विकले जातात. सुरुवातीला मी एकाच अंकाची तीन मुखपृष्ठं घेतली. आईने तिन्ही शेजारी ठेवली, पानं चाळली आणि विचारलं, "तीन पुस्तकांत गोष्ट एकच काय रे?" तेव्हापासून 'मुख्य मुखपृष्ठ, एक प्रत' असं लिहूनच देतो.

दुसरी वाट, थेट परदेशातलं दुकान. तिथे सूट मिळते, पण एकेक अंक मागवाल तर टपालखर्च अंकाच्या किमतीपेक्षा जास्त होतो. दोन-तीन महिन्यांचे अंक साठवून एकदम पाठवणारं दुकान असेल तरच परवडतं. त्यावर कस्टम्स ड्युटी लागू शकते आणि ती अंकाच्या किमतीवर टपालखर्च धरून मोजतात, हे हिशेबात घ्या.

तिसरी वाट म्हणजे स्वतः जाऊन आणणं. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्री बसलं की सकाळी बेंगळूर. चर्च स्ट्रीटवरच्या ब्लॉसम बुक हाऊसमध्ये जुन्या-नव्या पुस्तकांच्या राशीत कॉमिक्स मिळतात, आणि बेंगळूरच्या कॉमिक कॉनला तर देशातले स्वतंत्र प्रकाशक, चित्रकार टेबलं मांडून बसतात. तारखा दरवर्षी बदलतात, तिकीट काढण्याआधी बघून घ्या. याला रतीब म्हणता येणार नाही, ही वर्षातून एकदाची जत्रा. पण मधले राहिलेले अंक इथेच सापडतात. जाताना यादी आणि रिकामी कडक पाठीची बॅग न्या. मऊ पाठपिशवीत आणलेल्या अंकांचे कोपरे हुबळी यायच्या आत दुमडतात.

बजेटचं म्हणाल तर महिन्याला दोन मालिका. एवढ्यात टपाल धरून हजार रुपये सहज जातात. "आणखी एक तर घेतो" म्हणत मी एकदा नऊ मालिकांवर पोचलो होतो आणि त्यातल्या पाच न वाचताच पेटीत गेल्या.

५. कागदपत्रं आणि पत्ता

देशातल्या विक्रेत्याकडून घेताना फक्त पत्ता आणि फोन पुरतो. परदेशातून मागवायचं असेल तर हे तयार ठेवा:

- आधार किंवा पासपोर्ट, आणि पॅन. परदेशी पार्सलासाठी कुरिअरवाले केवायसी मागतात.
- आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू असलेलं कार्ड. नव्या कार्डावर ते बंद असतात, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन स्वतः सुरू करावे लागतात. काम झालं की परत बंद करा. परकीय चलनाचा अधिभार बँकेकडून आधी विचारून घ्या.
- ऑर्डरची पावती, ज्यावर अंकांची नावं आणि किंमत स्पष्ट आहे. 'कलेक्टिबल' असं मोघम लिहू देऊ नका, 'छापील कॉमिक्स' असंच लिहायला सांगा.

आता आपल्या भागाचं खास दुखणं. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं. पण कोणाच्या आधारवर जुनं इंग्रजी स्पेलिंग, कोणाच्या पॅनवर नवं, आणि परदेशी दुकानाच्या यादीत भलतंच तिसरं. बोलताना आपण बेळगावच म्हणणार, ते राहू द्या. पण पार्सलावर आधारमध्ये आहे तेच स्पेलिंग आणि तेच पूर्ण नाव घाला, वडिलांच्या नावासकट. माझं एक पार्सल घरातल्या हाकेच्या नावावर मागवलं होतं. केवायसी जुळली नाही, कुरिअर कंपनीने दोन मेल पाठवले, ते स्पॅममध्ये पडून राहिले आणि सहा अंक आल्या पावली परत गेले. टपालखर्च बुडाला तो बुडालाच.

निपाणीकडच्या मंडळींनी राज्याच्या रकान्यात चुकूनही महाराष्ट्र निवडू नये. मनात काय ते असू द्या, पण आपल्या जिल्ह्याचा पिन ५९ ने सुरू होतो आणि छाटणी त्यावर होते. राज्य एक आणि पिन दुसऱ्या राज्याचा असला की पार्सल आधी कोल्हापूर बघून येतं. खेड्यातला पत्ता असेल तर कुरिअरपेक्षा स्पीड पोस्ट बरं. पोस्टमन घर ओळखतो, कुरिअरचा मुलगा मात्र "मेन रोडला येऊन घ्या" म्हणतो.

६. पार्सल फोडताना

फोन उभा करून व्हिडिओ चालू करा, मगच कात्री लावा. कात्री आडवी नको, कडेने. मी एकदा उत्साहात चाकू घातला आणि मुखपृष्ठावरचा डेअरडेव्हिल मानेपासून वेगळा झाला. ओलं, दुमडलेलं, चुकीचं काही निघालं तर त्याच दिवशी विक्रेत्याला फोटो पाठवा. दुसऱ्या दिवशी त्याचा सूर बदललेला असतो.

७. पावसाळा

बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात. माणसांना ही हवा मानवते, कागदाला नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतींना ओल येते, कपड्यांना कुबट वास येतो, आणि खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबीकडे तर विचारूच नका.

आमचं घर जुनं, मंगलोरी कौलांचं. माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत मी पन्नासेक अंक नीट रचून ठेवले होते. आर्द्रा नक्षत्रात एक कौल सरकलं. पाणी थेट ट्रंकेत गेलंच नाही, शेजारच्या वाशावरून थेंब थेंब झाकणावर पडत राहिलं आणि फटीतून आत उतरलं. महिन्याने ट्रंक उघडली तेव्हा वरचे अंक कोरडे दिसत होते. हात घालून खालचा गठ्ठा उचलला तर तो एकसंध विटेसारखा वर आला. गुळगुळीत कागद भिजून वाळला की पानं एकमेकांना चिकटतात, पुन्हा सुटत नाहीत. पिनांच्या जागी गंजाचे दोन तपकिरी डाग, आणि ते डाग सगळ्या अंकांत एका रेषेत, वरपासून खालपर्यंत. बाबांनी तो गठ्ठा बघितला आणि काही न बोलता कौल नीट करायला शिडी लावली.

त्यानंतर जे शिकलो ते असं.

पिशवी: अंक साधारण सव्वादहा इंच उंच आणि पावणेसात इंचाला किंचित कमी रुंद असतो. त्यासाठी मिळणाऱ्या मापाला 'करंट' म्हणतात, १९६०-७० च्या अंकांसाठी थोडी रुंद 'सिल्व्हर'. पॉलिप्रॉपिलीनची घ्या, काही वर्षांनी बदला. मायलार प्लास्टिकची पिशवी त्याहून टिकाऊ, पण महाग, ती लाडक्या अंकांपुरती. रविवार पेठेत ठोक मिळणाऱ्या पातळ पिशव्या स्वस्त पडतात हे खरं, पण कोणत्या प्लास्टिकच्या ते कोणी सांगत नाही. पीव्हीसीची असेल तर कालांतराने कागदाला घाण करते.

पुठ्ठा: आम्लविरहितच हवा. लग्नपत्रिकेचा, साडीच्या घडीतला, शर्टातला असा घरचा पुठ्ठा चालत नाही. दोन-तीन वर्षांत अंकाची मागची बाजू पिवळी पडते.

पेटी: अंक उभे ठेवा, आडवे रचू नका. पेटी फार सैल असेल तर अंक वाकतात, फार घट्ट असेल तर काढताना कणा चुरगळतो. पेटी जमिनीवर नको, लाकडी फळीवर किंवा लोखंडी कपाटात, आणि भिंतीपासून चार बोटं लांब. पश्चिमेच्या भिंतीला तर अजिबात नको, पाऊस तिकडूनच झोडपतो.

ओल: प्रत्येक पेटीत सिलिका जेलच्या पुड्या. निळी खडी गुलाबी झाली की ती भरली असं समजा, तव्यावर मंद आचेवर परतली की पुन्हा निळी होते. (खाण्याच्या तव्यावर नको, जुना वेगळा ठेवा. यावरून घरात एकदा महाभारत झालंय.) हवेतली ओल मोजणारा एक स्वस्त हायग्रोमीटर कपाटात ठेवा. पन्नास टक्क्यांच्या आसपास आर्द्रता कागदाला बरी. जुलैत माझ्या खोलीत काटा ऐंशीच्या खाली येत नाही, बंद कपाटात पुड्यांच्या जोरावर साठाला येतो.

कसर: डांबर गोळ्या पिशवीत घालू नका, वास कागदात कायमचा बसतो. कपाट झाडून कोरडं ठेवणं आणि महिन्यातून एकदा पेटी उघडून हवा देणं, याने जास्त फरक पडतो. श्रावणात एखादा उघडिपीचा दिवस मिळाला की मी तेवढंच काम करतो.

आणि सेलोटेप नको. लॅमिनेशन तर मुळीच नको. शाळेतल्या पुस्तकांना खाकी कव्हर घालणारे हात इथे शिवशिवतात, ते आवरा.

अंक भिजलाच तर उन्हात टाकू नका. पंख्याखाली, प्रत्येक दोन पानांत कोरा कागद घालून, दर तासाला तो बदलत वाळवा. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. जवळजवळ वाळला की मग जड पुस्तकाखाली दाबा.

८. वही

ॲप आहेत, पण मी दोनशे पानी वहीच वापरतो. मालिका, सुरू झाल्याचं साल, क्रमांक, कुठून घेतला, किती पडला. शेवटच्या रकान्यात वाचला की खूण. ही शेवटची खूण सगळ्यांत महत्त्वाची. सलग तीन अंकांपुढे खूण नसेल तर ती मालिका बंद करायची वेळ झाली.

९. जुने अंक आणि रद्दी

याच्याविषयी मी तासभर बोलू शकतो, पण आवरतो.

आपल्या भागातल्या घरांच्या माळ्यांवर अजूनही इंद्रजाल कॉमिक्स निघतात. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये ती सुरू केली, १९९० मध्ये बंद पडली, आणि मराठीतही निघत होती. आपल्या आधीच्या पिढीला सुपरहिरो म्हटलं की वेताळ आठवतो तो यामुळेच. ली फॉकने १९३६ साली जन्माला घातलेला फँटम मराठीत आल्यावर वेताळ झाला, इतका की माझ्या मामाला तो परदेशी आहे हे कॉलेजात गेल्यावर कळलं. मामाने आपले अंक बारा-बारा करून कापडी बांधणीत बांधून घेतले होते. संग्राहक म्हणतील किंमत गेली. मी म्हणतो, सुटे असते तर टिकलेच नसते. बांधणी उसवून अंक सुटे करण्याचा विचार मनात आला तर तो सोडून द्या.

रद्दीची दुकानं एप्रिल-मेमध्ये पालथी घाला. कॅम्पात लष्करी कुटुंबांच्या बदल्या होतात, सामान हलकं करताना मुलांची पुस्तकं बाहेर पडतात. हिंदीतले नागराज, सुपर कमांडो ध्रुव, आणि नशीब असेल तर गॉथम कॉमिक्सने भारतात छापलेले डीसी-मार्व्हलचे अंक मला तिथेच मिळाले. पवित्र प्रभाकर हा धोतर नेसलेला भारतीय स्पायडर-मॅन २००४ मध्ये फक्त चार अंकांत आला होता. त्यातला तिसरा मला रद्दीत किलोच्या भावात मिळाला, बाकी तिघांसाठी अजून शोध चालू आहे. रद्दीवाल्यासमोर डोळे मोठे करू नका. आधी दोन इतर मासिकं उचला, मग त्यात अंक सरकवा. एकदा मी आनंदाने ओरडलो आणि पाच रुपयांचा अंक जागेवर पन्नासचा झाला. "साहेबांना पाहिजेच आहे म्हटल्यावर काय ओ," असं वर ऐकवलंही.

इथला सापळा म्हणजे 'फॅक्सिमिली' आवृत्त्या. मार्व्हल आणि डीसी स्वतःच जुने गाजलेले अंक जसेच्या तसे, जुन्या जाहिरातींसकट, पुन्हा छापतात. ऑगस्ट १९६२ च्या 'अमेझिंग फँटसी' क्रमांक १५ ची, म्हणजे स्पायडर-मॅनच्या पहिल्या अंकाची, अशी प्रत निघालेली आहे. वाचायला झकास वस्तू. पण कोणी ती "आजोबांच्या पेटीतली" म्हणून हजारोंना विकायला आला तर आतला मुंगीएवढा मजकूर वाचा, पुनर्मुद्रणाचं साल तिथे असतं.

१०. "पुढे किंमत येईल ना?"

येणार नाही. एप्रिल २०२४ मध्ये 'ॲक्शन कॉमिक्स' क्रमांक १ ची एक प्रत साठ लाख डॉलरना गेली ती बातमी खरी आहे. पण १९३८ साली कोणी ती जपून ठेवत नव्हतं, म्हणून ती दुर्मीळ झाली. उलट १९९१ चा 'एक्स-मेन' क्रमांक १ पाच मुखपृष्ठांत ऐंशी लाखांवर प्रतींचा निघाला, लोकांनी म्हातारपणाची सोय म्हणून गठ्ठेच्या गठ्ठे घेतले. सगळ्यांनीच जपला, त्यामुळे तो आजही थोडक्या डॉलरांत मिळतो. तो फुगा फुटला आणि डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हलला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. अर्धा ते दहा अशी श्रेणी देऊन प्लास्टिकच्या कवचात अंक सीलबंद करणाऱ्या कंपन्या आहेत, पण सीलबंद अंक वाचता येत नाही आणि तो अमेरिकेला पाठवून परत आणण्याचा खर्च आपल्याला झेपत नाही. पैसे गुंतवायचे तर पोस्टात आरडी काढा.

११. रतीब बंद करताना

मालिका कंटाळवाणी झाली, लेखक बदलला, किंवा हात आखडता घ्यायची वेळ आली, तर दुकानदाराला लेखी कळवा. फोनवर सांगितलेलं विसरलं जातं. आणि लक्षात ठेवा, पुढच्या दोन महिन्यांची मागणी तुमच्या नावावर आधीच गेलेली असते. आज बंद सांगितलं तरी दोन अंक येणार आणि त्यांचे पैसे द्यावेच लागतील. "नको होते" म्हणून ते परत करू नका. त्याला पुढे परत करायची सोय नसते, आणि तो चिडला तर पुढच्या वेळी तुमच्यासाठी अंक राखून ठेवणार नाही. ते दोन घ्या, वाचा, वहीत खूण करा आणि त्या मालिकेखाली एक आडवी रेघ मारा. माझ्या वहीत अशा सात रेघा आहेत. आठवी या महिन्यात मारणार होतो, पण परवाच्या अंकाचं शेवटचं पान बघितलं आणि पेन्सिल खाली ठेवली.